जोडणीचे हात : ट्रेन्टन ते चाकण

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा इंजिनाचा, नाही तर उद्योगपतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जोडणीचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात. ते घडवणे हे एक काम आणि ते एकमेकांत बसवणे हे दुसरे. घडवण्याचे काम यंत्रांनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडे घेतले. बसवण्याचे काम मात्र आजही बऱ्याच अंशी माणसाच्या बोटांनी होते. ही बोटे कुणाची, ती कुठून येतात आणि कारखान्यात रोबोट आल्यावर त्यांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

मी लाखांदूरला राहतो. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका धानाचा. चुलबंद आणि वैनगंगा या नद्या, मामा तलाव, धानाच्या बांध्या ही इथली ओळख. इथे बसून मोटारीच्या सुट्या भागांबद्दल लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण विषय तितका लांबचा नाही. आमच्याच जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि तिथले मिश्रपोलाद वाहनउद्योगाला जाते. लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२पासून आहे, आणि गिअरबॉक्स हे त्याचे मुख्य उत्पादन. तिसरा धागा माणसांचा. दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेली आमच्याकडची मुले नागपूरला बुटीबोरी, हिंगण्यात आणि त्याहून लांब पुण्याला चाकण, रांजणगावला जातात. दिवाळीत ती गावी येतात. भाऊबीजेनंतर मंडईचे दिवस सुरू झाले, की चौकात, चहाच्या टपरीवर ती भेटतात. गेली अनेक वर्षे मी त्यांना एकच प्रश्न विचारत आलो आहे : ‘तू तिथे नेमके काय करतोस?’ त्यांची उत्तरे मी वहीत टिपून ठेवतो. या लेखातील वाचन पुस्तकांचे आहे. त्या वाचनाला दिशा मात्र या उत्तरांनी दिली.

पहिला यंत्रहात

कारखान्यात काम करणारा पहिला औद्योगिक रोबोट मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातच लागला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत जॉर्ज डेव्हल या संशोधकाने १९५४मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले १९६१मध्ये. जोसेफ एंगेलबर्गर या अभियंत्याने त्या कल्पनेचे महत्त्व ओळखले आणि दोघांनी मिळून ‘युनिमेट’ हे यंत्र तयार केले. १९६१मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील ट्रेन्टनजवळच्या कारखान्यात ते कामाला लागले. काम काय, तर डाय-कास्टिंग यंत्रातून निघालेला तापलेला भाग उचलायचा आणि थंड करायला ठेवायचा. जवळपास दोन टनांचे ते धूड चुंबकीय ड्रमवर साठवलेल्या सूचनांप्रमाणे हीच हालचाल पुन्हा पुन्हा करत राही.

युनिमेटने घेतलेले काम उष्ण, धुराचे आणि भाजण्याच्या भीतीचे होते. ते माणसाला नकोच होते. पुढच्या दोन दशकांत रोबोटने वेल्डिंग घेतले, रंगकाम घेतले. दोन्ही कामे डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपायकारक. शिवाय दोन्हींत यंत्राच्या सोयीची एक गोष्ट होती : हात एका ठरलेल्या मार्गाने फिरवला, की काम होते. समोरच्या वस्तूला हाताने चाचपून पाहावे लागत नाही.

पण म्हणून कामगारांनी रोबोटचे स्वागतच केले असे नाही. ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सने वेल्डिंगसाठी युनिमेटच्या रांगा उभ्या केल्या आणि तासाला शंभर गाड्या काढण्याचे लक्ष्य ठेवले. म्हणजे एका गाडीला जेमतेम ३६ सेकंद. वेल्डिंग रोबोटने केले, पण त्याच्या पुढची जोडणी माणसांकडेच होती आणि त्यांना रोबोटचा वेग गाठायचा होता. १९७२च्या मार्चमध्ये तिथल्या तरुण कामगारांनी संप केला. तो आधी मजुरीसाठी नव्हता. कामाचा वाढलेला वेग आणि कमी केलेली माणसे हे त्याचे कारण होते. रोबोट माणसाची जागा घेतो याची चर्चा आपण नेहमी करतो. लॉर्ड्सटाउनने दुसरी बाजू दाखवली : ज्यांची जागा रोबोट घेत नाही, त्यांच्या कामाचा ठेकाही तोच ठरवतो.

भोकात खुंटी

जोडणीत अवघड ते काय? एक साधे उदाहरण घेऊ. एका भोकात एक खुंटी बसवायची आहे. दोन्हींच्या व्यासात केसाएवढाही फरक नाही. माणूस खुंटी भोकाच्या तोंडाशी नेतो, किंचित तिरपी धरतो, कड लागली की बोटांना कळते, मग तो ती सरळ करत आत सोडतो. अडकली तर जोर लावत नाही. थोडी मागे घेतो, हलवतो, पुन्हा सोडतो. हे सारे एका क्षणात होते आणि करणाऱ्याला ते सांगता येत नाही. यंत्राला हे कळत नव्हते. त्याने खुंटी जराशी तिरपी नेली, की ती अडके. अडकल्यावरही यंत्र जोर लावतच राही, आणि खुंटी तरी मोडे किंवा भोक तरी बिघडे.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेत या एका प्रश्नावर बारकाईने काम झाले. तिथल्या संशोधकांनी रोबोटच्या मनगटात बसवायचा एक लवचीक भाग तयार केला. खुंटी कडेला लागली, की हा भाग स्वतःच थोडा वाकतो आणि खुंटी सरळ आत जाते. माणसाच्या मनगटातली जी ‘लव’ आपण गृहीत धरतो, ती अशी वेगळी घडवून जोडावी लागली. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठातील हिरोशी माकिनो यांनी १९७८मध्ये वेगळा मार्ग काढला. त्यांच्या ‘स्कारा’ रोबोटचा हात आडव्या दिशेत सैल आणि उभ्या दिशेत ताठ असतो. वरून खाली भाग बसवण्याच्या कामाला तो नेमका पडला आणि १९८१पासून बाजारात आला. त्याच १९७८मध्ये युनिमेशन कंपनीने जनरल मोटर्ससाठी ‘प्यूमा’ हा छोटा रोबोट दिला. त्याच्या इंग्रजी नावातील शेवटचा शब्दच ‘असेंब्ली’ आहे. त्याची मांडणी व्हिक्टर शाइनमन यांच्या आधीच्या कामावरून आली होती.

म्हणजे पहिला रोबोट कामाला लागल्यानंतर जोडणीचा रोबोट यायला सतरा वर्षे लागली. तो आल्यावरही जोडणी माणसाच्या हातातून सुटली नाही. कारण खुंटी बसवणे ही जोडणीची सुरुवात आहे. वायरिंगची लवलवती जुडी, रबरी सील, प्लॅस्टिकची क्लिप यांना ठरावीक आकारच नसतो. क्लिप बसल्याचा ‘टक्’ आवाज, सील नीट बसल्यावर अंगठ्याला जाणवणारा ताण, ही तपासणी बोटे जाता जाता करतात.

हे वाचताना मला आमची रोवणी आठवे. धानाच्या शेतीत कापणी आणि मळणीला हार्वेस्टर आले आणि बघता बघता सगळीकडे पसरले. रोवणीचे यंत्रही निघाले आहे. पण पावसाळ्यात आमच्या शिवारात गेलात, तर बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या रांगाच बहुतेक ठिकाणी दिसतील. कापणीला जोर आणि वेग लागतो. रोवणीला जुडीतून दोन-तीन काड्या वेगळ्या करून चिखलाचा अंदाज घेत त्या टोचाव्या लागतात. यंत्राने शेतातही आधी सोपे ते उचलले आणि बोटांचे काम बोटांनाच ठेवले.

एका छताखालचे दोन धडे

१९८०च्या दशकात जनरल मोटर्सने स्वयंचलनावर प्रचंड पैसा ओतला. जपानच्या फानुक कंपनीबरोबर १९८२मध्ये भागीदारी केली. डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमॅक येथे १९८५मध्ये उघडलेला कारखाना या स्वप्नाचा नमुना होता. तिथे रंग देणारे रोबोट गाडीऐवजी एकमेकांनाच रंगवत असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. याच काळात कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सने टोयोटाबरोबर १९८४मध्ये दुसरा कारखाना चालवायला घेतला. तिथली यंत्रे साधी आणि कामगार बरेचसे जुनेच होते. बदलली होती ती कामाची रीत : कामगाराला दोष दिसला, तर दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार होता. फ्रीमाँटच्या गाड्यांचा दर्जा सरस ठरला.

फ्रीमाँटचा तो कारखाना २०१०मध्ये बंद झाला आणि टेस्लाने घेतला. तिथे पुन्हा टोकाच्या स्वयंचलनाचा प्रयत्न झाला आणि २०१८मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी अतिरेकी स्वयंचलन चुकल्याचे आणि माणसाला कमी लेखले गेल्याचे जाहीरपणे मान्य केले. जो धडा त्याच छताखाली आधी शिकवला गेला होता, तो पैसे मोजून पुन्हा शिकावा लागला. कारखान्याच्या इतिहासाचे दप्तर कुणी उघडत नाही, त्याची ही किंमत.

पुण्याची वाट

आता आपल्याकडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड परिसर बघता बघता वाहनउद्योगाचा झाला. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, मुंढव्याला भारत फोर्ज आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने. त्या पिढीत कारखान्यात ‘लागणे’ म्हणजे कायम होणे, घर बांधणे, मुले शिकवणे असे.

या परिसरातील पहिला मोठा बदल रोबोटच्या नावाने आला नाही. भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट आणि अॅक्सल घडवण्याचे काम हातोड्यांवर, अंगमेहनतीने होई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाबा कल्याणी यांनी जर्मनीहून स्वयंचलित फोर्जिंग प्रेस आणवली आणि हळूहळू अंगमेहनतीच्या कामगारांच्या जागी अभियंते व पदविकाधारक उभे केले. घडवण्याचे उरलेसुरले कामही यंत्राकडे गेले ते असे. घणाचा कामगार कमी झाला आणि बटणाचा आला.

जोडणीकडे रोबोट वळला तो पुढे. आकुर्डीतील बजाजचे उत्पादन २००७मध्ये थांबले. चाकणचा नवा कारखाना आधीच उभा होता. २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि बॉडी शॉपमधील वेल्डिंग रोबोटांच्या ओळी आपल्या मुलांनी जवळून पाहिल्या. २०१०पासून बजाज ऑटोने डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे ‘कोबॉट’ वापरायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. बजाजची गाडी दुचाकी, पण जोडणीचा प्रश्न तोच. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी, बहुधा पिंजऱ्याशिवाय काम करणारा हलका यंत्रहात. कुणाला धक्का लागला, की तो थांबतो. चाकणच्या ओळींवर मुली मोठ्या संख्येने काम करतात. जड उचलणे आणि जोर लावून नट आवळणे यंत्राकडे गेल्यावर जे काम ‘पुरुषाचे’ समजले जाई, ते तसे उरले नाही. रोबोटच्या इतिहासातील ही चांगली बाजू आहे आणि ती नोंदवली पाहिजे.

दुसरी चांगली बाजू बोटांची. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील अपघातांवर अहवाल काढते. पॉवर प्रेसमध्ये बोटे गमावलेल्या कामगारांच्या कहाण्या त्यांत पानोपानी आहेत. प्रेसमध्ये पत्रा सरकवायला यंत्रहात असेल, तर तिथे बोट जाणारच नाही. अशा जागी रोबोट नको म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पण बोटे जातात ती बहुतेक साखळीच्या तळाच्या, लहान पुरवठादाराकडे. रोबोट आहे साखळीच्या वरच्या टोकाला. जिथे सर्वांत जास्त गरज, तिथे तो सर्वांत उशिरा पोचतो.

तो तिथे का पोचत नाही? टाटा समूहातील ‘टाल’ कंपनीने २०१६मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ‘ब्राबो’ हा देशी रोबोट मांडला, तो लहान कारखानदारांना परवडावा म्हणूनच. किंमत पाच ते सात लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. आता लहान मालकाचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते. एका हाताला महिन्याला १५ हजार पडतात असे धरले, तर तीन पाळ्यांच्या तीन हातांचे वर्षाला ५ लाख ४० हजार होतात. रोबोट सहा लाखांचा. वरवर पाहता तो वर्ष-सव्वा वर्षात फिटतो. पण नुसता हात कामाचा नाही. त्याला पकड हवी, फिक्स्चर हवे, प्रोग्रॅम हवा. खर्च सहज दुप्पट होतो. शिवाय उद्या मोठ्या कंपनीने भागाचे मॉडेल बदलले, की हे सगळे पुन्हा करा. ऑर्डर थांबली तरी रोबोटचा हप्ता थांबत नाही. माणसाला मात्र थांबवता येते.

वेठ आणि ट्रेनी

त्या शेवटच्या वाक्यात गेल्या तीस वर्षांचा इतिहास आहे. कंत्राटी कामगारांबाबतचा कायदा १९७०चा. त्याच्या नावात नियमन आणि निर्मूलन असे दोन्ही शब्द होते. निर्मूलन झाले नाही. वार्षिक उद्योग पाहणीप्रमाणे २०२२-२३मध्ये देशातील संघटित कारखान्यांतले सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटी होते. २०१३मध्ये ‘नीम’ ही योजना आली. तिच्यात येणारा मुलगा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी समजला जाई. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळे. त्याच २०१३च्या जूनमध्ये चाकणच्या बजाज कारखान्यात कायम कामगारांचा संप झाला आणि सुमारे ५० दिवस चालला. कामगारांच्या मागण्यांत कंपनीचे समभाग एक रुपया दराने मिळावेत अशीही एक मागणी होती. तेव्हा तिची चेष्टा झाली. आज मला ती फार विचार करण्याजोगी वाटते. यंत्र येणारच असेल, तर यंत्रात आपला वाटा किती, एवढाच तिचा अर्थ होता.

माझ्या वहीत ज्यांची उत्तरे आहेत, त्यांतले बहुतेक ठेक्यावरचे किंवा ट्रेनी. एकाने सांगितले, त्याचे काम गिअरबॉक्सच्या झाकणात सात बोल्ट लावून दोन फेरे देण्याचे. पुढचे आवळणे यंत्र करते. दुसऱ्याने सांगितले, रोबोट बंद पडला की ‘हातावर’ घेतात, म्हणजे तेवढा वेळ तो रोबोटचे काम करतो. तिसरा म्हणाला, सात महिने झाले की ब्रेक देतात, आणि ब्रेकनंतर दुसऱ्या ठेकेदाराकडून पुन्हा पहिल्या दिवसापासून. तोवर त्याची बोटे तयार झालेली असतात. मग ती दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्याच भागावर कच्ची म्हणून सुरू होतात.

‘रोबोट’ हा शब्द आला नाटकातून, हे वाचकांना ठाऊक असेल. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ १९२०मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढल्या वर्षी प्रागमध्ये रंगमंचावर आले. शब्द सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचे फुकट काम. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : वेठ. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८मध्ये बंद झाली. आमच्याकडची मालगुजारी संपली ती मध्य प्रदेशाच्या १९५०च्या कायद्याने, १९५१मध्ये. म्हणजे ज्या शब्दाचा शोध चापेकना जुन्या इतिहासात घ्यावा लागला, तो आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत होता. लाखांदूरहून वैनगंगा ओलांडली की वडसा. झाडीपट्टी रंगभूमीचे ते गाव. तिथल्या मंडपांत रात्रभर नाटके चालतात. चापेकचे नाटक तिथे कुणी झाडीबोलीत केले, तर नावासाठी अडायला नको. ‘वेठ्या’ हे नाव पुरे.

ट्रेनीला वेठबिगार म्हणणे मला योग्य वाटत नाही. तो स्वतः जातो, पैसे मिळतात, त्या पैशांतून बहिणीचे लग्न होते, घरावर स्लॅब पडतो. पण एका बाबतीत साम्य आहे. वेठीला लावलेल्या माणसाची मोजदाद कामाने होई, नावाने नव्हे.

दप्तरात कोण राहते?

आंतरराष्ट्रीय रोबोट महासंघाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबोट नव्याने बसले. आदल्या वर्षापेक्षा ही वाढ ५९ टक्क्यांची होती. त्यांतले ३,५५१ वाहनउद्योगात लागले. त्याच वर्षी चीनमध्ये २,७६,२८८ बसले. आकडा एककापर्यंत मोजलेला आहे, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. प्रत्येक रोबोटच्या बुडाशी एक पट्टी असते. तिच्यावर निर्मितीचे वर्ष आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. तो कुठल्या ओळीवर किती तास चालला, कधी थांबला, का थांबला, याची नोंद त्याच्याच पोटात साठते. पन्नास वर्षांनी कुणी या ओळींचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला रोबोटचे चरित्र लिहिता येईल.

त्याच ओळीवर सात महिने उभ्या राहिलेल्या मुलाचे काय सापडेल? गेटपास परत घेतला जातो. हजेरी ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार बदलतो. पगाराची चिठ्ठी मोबाइलवर येते आणि मोबाइल बदलला की जाते. सात बोल्ट कसे लावायचे, तिसरा बोल्ट आधी का धरायचा, हे त्याने पहिल्या आठवड्यात शोधून काढलेले असते. पुढे त्यावरूनच कदाचित रोबोटचा प्रोग्रॅम लिहिला जाईल. त्या प्रोग्रॅममध्ये त्याचे नाव असणार नाही.

मला यावर उपाय सांगण्याचा अधिकार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, हे दप्तर आपणच ठेवायला लागावे. गावोगावच्या वाचनालयांनी, आयटीआयच्या मास्तरांनी, महाविद्यालयातील इतिहास विभागांनी परत आलेल्या मुलांकडून कंपनी, ओळ, भाग, पाळी, महिने आणि काम शिकायला लागलेले दिवस एवढे लिहून घ्यावे. रुजू झाल्याचे पत्र, चिठ्ठ्या, प्रशिक्षणाचा दाखला यांच्या छायाप्रती ठेवाव्यात. यातून दोन गोष्टी साधतील. एक तर ‘अनुभव नाही’ म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे केलेल्या मुलाला आपला अनुभव दाखवायला कागद मिळेल. आणि जोडणीचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्यात यंत्रांच्या अनुक्रमांकांबरोबर माणसांची नावेही येतील. माझ्याकडच्या चार वह्या भरल्या आहेत. पाचवी या मंडईत सुरू करतो आहे.